बाटलीवरचा टॅग फोडू नका
विकत आणलेल्या बाटलीवर दुकानाचा चोरी रोखणारा टॅग (दारातल्या गेटवर अलार्म वाजवणारा) काढायचा राहून गेला, तर तो हातोडीने फोडायचा सल्ला प्लीज कोणी मनावर घेऊ नका, बाटलीच्या मानेवर घाव बसला तर काचेचा बारीक टवका आत पडतो आणि तो दिसतही नाही, मग अख्खी बाटली ओतूनच टाकावी लागते. गाळून प्यायचा विचारही नको! टोपीसारख्या बऱ्याच टॅगांमध्ये स्प्रिंगचं लॉक असतं, ते काउंटरवरच्या पॉवरफुल मॅग्नेटने लगेच सुटतं, म्हणून पावती घेऊन सरळ दुकानात जा. पावती हरवली असेल तर कार्ड पेमेंटचा मेसेज दाखवा. आणि निघताना अलार्म वाजला नाही म्हणून उगाच घाबरू नका, गेट बंद असेल किंवा टॅग गेटपेक्षा वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा असेल (काही ५८ किलोहर्ट्झचे, काही ८.२ मेगाहर्ट्झचे) तर तो वाजतच नाही, टॅग काढायचा राहिला ही चूक कॅशियरची आहे, तुमची नाही.