विजेट कधी रेंडर व्हावं, हे कोणी ठरवायचं?

सत्तरीकर
गेल्या आठवड्यात चोर्ला घाटाच्या पायथ्याशी केरीला एका होमस्टेवाल्या काकांकडे बसलो होतो. त्यांची बुकिंगची साइट मीच व्ह्यूमध्ये (वेबपानं बांधायच्या एका जावास्क्रिप्ट साधनात) बांधली आहे. बाहेर धो धो पाऊस, फोनला रेंजची एकच काडी. काकांनी 'पक्कं करा'वर बोट टेकवायला आणि वरचं कॅलेंडर उघडायला एकच गाठ पडली. सगळं खाली सरकलं, बोट पडलं वरच्या ओळीतल्या 'रद्द करा'वर, आणि एका कुटुंबाचं बुकिंग गेलं. काका एवढंच म्हणाले, "हे पान जाग्यावर ठरत नाही रे."

मला ते फार लागलं. कॅलेंडर, नकाशा, अभिप्राय, चॅट ही चारही विजेटं, म्हणजे पानावरचे छोटे स्वतंत्र भाग, आपापला डेटा हाती आला की मनाला येईल तेव्हा उगवत होती. माझं मत आता पक्कं आहे: विजेटने स्वतःची वेळ ठरवू नये, ती पानाने एका ठिकाणी ठरवावी. आणि वापरणाऱ्याने जे मागितलं नाही, ते रेंडरच करू नये, म्हणजे पानावर उभारूच नये. व्ही-शो (आधीच उभारून नुसतं लपवणं) सोडा, व्ही-इफ (हवं तेव्हाच उभारणं) वापरा.

मांडवीकाठी
दादा, वेळ पानाने ठरवावी हे मान्य. व्ही-इफचं अजिबात नाही. व्ही-इफ विजेट मोडून टाकतं आणि परत आणताना नव्याने उभारतं. पाहुण्याने नकाशा सरकवून, झूम करून वाट शोधली, मध्येच अभिप्राय बघायला गेला, परत आला तर नकाशा पहिल्यापासून. अर्धा भरलेला फॉर्मही तसाच पुसला जातो. आमच्याकडे सगळं सुरुवातीलाच रेंडर होतं, मग टॅब नुसते दाखवायचे किंवा लपवायचे. लोकांना ते आवडतं, कारण कुठेही थांबावं लागत नाही.

सत्तरीकर
ताई, लपवलेला नकाशाही करून पाहिला. डिस्प्ले नन असलेल्या, म्हणजे लपवलेल्या डब्यात लीफलेट (नकाशा दाखवणारी लायब्ररी) सुरू केलं की त्याला डब्याची रुंदी-उंची शून्य दिसते. टॅब उघडला तर कोपऱ्यात नकाशाची एखादी टाइल (चौकोनी तुकडा) आणि बाकी सगळं राखाडी. मग इनव्हॅलिडेट-साइझ बोलावून त्याला पुन्हा मोजायला लावायचं. शिवाय व्ही-शोने लपवलेलं विजेटही माउंट होतंच, म्हणजे पानात उभं राहतंच, त्याची डेटाची मागणी सर्व्हरकडे जातेच. केरीतली ती एक काडी न बघितलेल्या अभिप्रायांवर का खर्च करायची? आठवण राहावी म्हणून व्ह्यूमध्ये कीप-अलाइव्ह आहे. पहिल्यांदा मागितलं की उभारा, पुढे जपून ठेवा.

फोंडेकर
तुम्ही दोघं भलत्याच जागी भांडताय. काकांचं बोट चुकलं ते कॅलेंडरची जागा आधी राखली नव्हती म्हणून. बाहेरच्या डब्याला मिन-हाइट (किमान उंची) दिली असती तर ते पाच सेकंदांनी आलं असतं तरी काही हललं नसतं.

पान किती सरकतं त्याचं माप, सीएलएस, 0.1 च्या आत असावं असा संकेत आहे. पण बोट टेकवल्यापासून 500 मिलिसेकंदांत जे सरकतं, ते त्यात धरतच नाहीत. त्यामुळे ऑफिसच्या वायफायवर 'मागितल्यावर रेंडर' झकास दिसतं. केरीत तोच डेटा दोन सेकंदांनी येणार, तेव्हा ती सवलत संपलेली असते.

आणि 'रद्द करा'ने "नक्की का?" असं विचारलं कसं नाही? ते आज दुरुस्त करा, बाकीचं उद्या.

मांडवीकाठी
हेच म्हणते मी. मागितल्यावर आणायचं म्हणजे ज्याचं नेट सगळ्यात वाईट, त्यालाच सगळ्यात जास्त ताटकळत ठेवायचं.

पेडण्याचा पोरगा
एवढा खटाटोप कशाला? सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) कंटेंट-व्हिजिबिलिटी ऑटो लिहा. पडद्याबाहेरचं ब्राउझर रंगवतच नाही, आणि पानात शोधलं तर सापडतंही.

फोंडेकर
रंगवत नाही, पण जावास्क्रिप्ट चालतंच आणि डेटाही मागवला जातो. लांबलचक लेखाला ते उत्तम. इथे दुखणं नेटचं आहे.

डिचोलीकर
आणणं आणि रेंडर करणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि वर सगळ्यांनी ते एकच धरलेत. व्ह्यूसारखंच साधन असलेल्या अँग्युलरच्या 17 व्या आवृत्तीत, नोव्हेंबर 2023 मध्ये, डिफर आलं. त्यात विजेट कधी रेंडर करायचं आणि त्याचा कोड कधी आणून ठेवायचा हे वेगवेगळं लिहिता येतं. व्ह्यूमध्येही जमतं: ब्राउझर मोकळा असताना डायनॅमिक इम्पोर्टने (हवा तेव्हा कोड मागवायच्या सोयीने) कोड आणून ठेवा, व्ही-इफची अट खरी करा बोट लागल्यावर. मोकळा वेळ हेरायला रिक्वेस्ट-आयडल-कॉलबॅक वापराल, पण सफारीच्या (आयफोनच्या ब्राउझरच्या) बऱ्याच आवृत्त्यांत ते नाही, म्हणून सेट-टाइमआउटचा (ठरावीक वेळाने काम सुरू करण्याचा) पर्याय ठेवा. होमस्टेला येणाऱ्यांत आयफोनवाले असणारच.

सत्तरीकर
'रद्द करा' आता विचारतं, ते काम कालच केलं. कॅलेंडरची जागा राखली. नकाशाचा कोड आधी येऊन बसतो, नकाशा उभा राहतो टॅब उघडल्यावरच. फॉर्मचं ताईंचं ऐकलं, तो सुरुवातीलाच रेंडर होतो. पण कोणतं विजेट कधी, हे सगळं पानाच्या एकाच फाइलमध्ये लिहिलंय, आणि त्यावरून मी हटणार नाही. रविवारी केरीला जाऊन काकांच्याच फोनवर बघतो.

मांडवीकाठी
नकाशाच्या टॅबवर पहिलं बोट लागल्यापासून नकाशा दिसेपर्यंत किती सेकंद गेले, तेवढं घड्याळ लावून मोजा. तीनच्या वर गेलं तर मी पुन्हा भांडायला येईन.