राष्ट्रीय सांस्कृतिक प्रतीक : ठरवायचं कुणी आणि कशावरून?

कानामात्रा :
मुलांसाठीच्या एका देशकोशाचं संपादन सध्या माझ्या गळ्यात आहे. प्रत्येक देशाला एक पान आणि पानाच्या कोपऱ्यात ‘सांस्कृतिक प्रतीके’ अशी चौकट. राष्ट्रध्वज, राष्ट्रगीत वगैरेंचा रकाना वेगळा आहे, त्याची काळजी नाही. अधिकृत कागद बघायचा आणि उतरवून घ्यायचा. घोडं पेंड खातंय ते या चौकटीत. स्पेनसाठी एका लेखकाने फ्लामेन्को हे नाचगाणं दिलंय, दुसऱ्याने महामार्गाकडेचा काळा बैल. हा बैल म्हणजे ऑस्बोर्न कंपनीच्या ब्रँडीची जाहिरात! दारूची जाहिरात देशाचं प्रतीक कशी, असं विचारलं तर म्हणे, कोर्टाने सांगितलंय. स्कॉटलंडच्या पानावर किल्ट, म्हणजे पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, मात्र बिनविरोध आला आणि मला त्याचीच जास्त शंका येतेय.

निकष कोणता लावू? जुनेपणा? सरकारी शिक्का? युनेस्कोची वारसा यादी? ‘सगळ्यांना माहीतच असतं’ हे उत्तर कृपया नको, ते लेखकांकडून रोज मिळतं.

टाचणी :
सरकारी शिक्का आधी बाद करा. अमेरिकेच्या राजमुद्रेवर पांढऱ्या डोक्याचा गरुड १७८२ पासून आहे. त्याला ‘राष्ट्रीय पक्षी’ ठरवणारा कायदा झाला डिसेंबर २०२४ मध्ये. मधली दोनशे चाळीस वर्षं तो कोण होता मग? हॉकीचं बरोबर उलटं. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांनी पिढ्यानपिढ्या तिला भारताचा राष्ट्रीय खेळ म्हणून छापलं आणि २०१२ मध्ये माहिती अधिकारात विचारल्यावर क्रीडा मंत्रालयाने कळवलं की असा कुठलाच खेळ घोषित केलेला नाही. तुमच्या अधिकृत रकान्यात हॉकी असेल तर आजच काढा. चौकटीत मात्र ठेवा, हे मी ठासून सांगेन.

गल्लीबोळ :
टाचणीशी सहमत. जुनेपणाही तसाच फसवा. किल्टची शंका रास्त आहे, पण वेगळ्या कारणाने. राजाविरुद्धच्या बंडानंतर १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली, ती उठली १७८२ मध्ये. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला गेला तेव्हा स्वतःच किल्ट घालून मिरवला. अमुक कुळाचा अमुक चौकडा हे जे आज पुराणकाळापासूनचं म्हणून सांगतात, ते बहुतेक एकोणिसाव्या शतकात पक्कं झालं. राज्यकर्त्यांनी ज्यासाठी तुरुंगात टाकलं तेच पुढे राज्यकर्त्यांनी अंगावर घातलं. मुलांना सांगण्यासारखी गोष्ट ही आहे, ‘फार प्राचीन पोशाख’ ही नव्हे.

आयफेल टॉवरही घ्या. १८८७ मध्ये पायाचं काम सुरू असतानाच कथाकार मोपासाँ, संगीतकार गुनो यांच्यासारख्या नामवंतांनी त्याच्याविरुद्ध जाहीर निषेधपत्र काढलं होतं. परवानगी वीस वर्षांचीच होती. बिनतारी संदेशांसाठी उपयोगी पडतो म्हणून तो वाचला, देखणा आहे म्हणून नाही.

उलटटपाली :
बैलाची हकीकत नीट लिहितो, कारण उत्तर तिच्यातच आहे. मानोलो प्रिएतो या चित्रकाराने १९५६ मध्ये तो काढला. सुरुवातीचे लाकडी, मग पत्र्याचे, चौदा मीटर उंच, टेकाडावर उभे. १९८८ च्या कायद्याने महामार्गावरून दिसणाऱ्या जाहिरातींवर बंदी आणली, तेव्हा कंपनीने अक्षरं पुसून नुसता काळा आकार ठेवला. १९९४ च्या नियमांनी तोही हटवायला लावला. मग लोकच आडवे आले आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या आकारातला जाहिरातीचा अर्थ मागे पडलाय, तो आता भूदृश्याचा भाग झालाय, राहू द्या.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची अशी, की स्पेनमधल्याच, पण स्वतःची ओळख वेगळी मानणाऱ्या कॅटलोनिया प्रांतात हाच बैल ‘स्पेनचा’ म्हणून पाडला गेला आणि लोकांनी गाड्यांवर कॅटलान गाढवाचे स्टिकर लावले! पाडावासा वाटला म्हणजे तो ब्रँडीचा उरला नव्हता. माझा निकष एवढाच : काढायला गेलं तर कोण ओरडतं, आणि ठेवलं तर कोण.

कानामात्रा :
@उलटटपाली, पण भांडण तर टोलनाक्यावरूनही होतं. आणि फ्लामेन्कोचं काय? ते दक्षिणेकडच्या अंदालुसिया प्रांताचं, अख्ख्या स्पेनच्या गळ्यात का घालता, अशी तक्रार आमच्याच मंडळात आहे.

उलटटपाली :
टोलवरचं भांडण पैशाचं. मी म्हणतोय ते ‘आपण कोण’ यावरचं. बैलांच्या झुंजी बघा : कॅटलोनियाच्या संसदेने २०१० मध्ये बंदी घातली, २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. प्राण्यांचे हाल हा मुद्दा होताच, पण स्पॅनिश असणं-नसणं त्याच्या पोटात होतं. आणि फ्लामेन्कोवर तुमच्या मंडळात तक्रार आहे ना? मग झालं की पास.

टाचणी :
युनेस्को राहिलं. तिथे अर्ज देशांची सरकारंच करतात आणि नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली असं नसतं. टँगो हा नाच २००९ मध्ये अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्या नावे एकत्र लागला. किमची, म्हणजे आंबवलेल्या भाज्यांचं लोणचं, घालण्याची परंपरा दक्षिण कोरियाच्या नावे २०१३ मध्ये, उत्तर कोरियाच्या नावे २०१५ मध्ये. ती यादी बघून चौकट भरलीत तर परराष्ट्र खात्यांच्या आवडीनिवडी छापाल.

(अवांतर : ‘जगप्रसिद्ध’ हा शब्द कोशातून हद्दपार करता आला तर बघा.)

कानामात्रा :
टाचणी, करतेच!

सगळ्यांचे आभार. बैल आणि फ्लामेन्को दोन्ही घेतलं. प्रत्येक नोंदीखाली एक ओळ वाढवतेय, ‘कुणाला मान्य नाही’. ज्या नोंदीला ही ओळ भरता येणार नाही ती लेखकाकडे परत जाईल. किल्टसमोर त्या ओळीत १७४६ चा कायदा आला. टँगो दोन्ही पानांवर. पाव्हलोव्हा केक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोघांच्याही चौकटीत टाकलाय, ओळीत एकमेकांची नावं घालून. मांडणीवाला चौकट मोठी करायला तयार नाही, त्याच्याशी उद्या भांडते.