सातेरी मधमाशीच्या पेट्यांना हळद, बुरशीचा अर्क वगैरे द्यावं का?

जावळीकर: महाबळेश्वर भागात सातेरीच्या १२ पेट्या आहेत. तीन पेट्यांत अळ्या मेणाच्या पोवळ्यात ताठ उभ्या, टोक वर. चिमट्याने ओढली की पाण्याची पिशवीच हातात येते. म्हणजे सॅकब्रूड, अळ्या मारणारा विषाणूचा रोग. विषाणूला औषध नाही, असं सगळे सांगतात. पण २०१८ मध्ये अमेरिकेत रेशी नावाच्या अळंबीच्या बुरशीतंतूंचा अर्क मधमाश्यांना साखरपाण्यातून दिला, तर पंख वाकडे करणारा विषाणू ७९ पटीने आणि लेक सिनाई हा माश्यांचाच दुसरा विषाणू ४५,००० पटीने कमी झाला. मग आपण हळद, ओव्याचा अर्क का देऊ नये? हातावर हात ठेवून बसायचं?

मिरजकर: दादा, तो प्रयोग मेलिफेरावर, म्हणजे युरोपीय मधमाशीवर, तोही पूर्ण वाढलेल्या माश्यांवर. तुमच्या अळ्या मरतायत आणि माशी सातेरी. जात वेगळी, विषाणू वेगळा. आणि विषाणू कमी झाला म्हणजे वसाहत वाचली, असं कुठं आहे? आकडा मोठा दिसला की आपण भुलतो.
हळदीचं म्हणाल तर आमच्या सांगलीत पोत्यानं मिळते. साखरपाण्यात टाकून बघा, तासाभरात तळाशी गाळ. माशी वरचं पाणी पिणार!

जावळीकर: गाळाचं मान्य. पण १९९१-९२ ला दक्षिणेत याच रोगानं सातेरीच्या वसाहती धडाधड संपल्या, तेव्हाही लोक "अजून सिद्ध नाही" म्हणत थांबले असतील. पेट्या मेल्यावर पुरावा घेऊन काय करू?

पेटीवाली_वाई: भाऊ, थांबा म्हणत नाही कुणी. राणी पिंजऱ्यात घाला, थोडे दिवस अंडी बंद. नवी अळी नाही तर विषाणू वाढणार कुठं? कामकरी माश्या मेलेल्या अळ्या काढून पोवळी साफ करतात. रोगट पोवळी जाळा, त्यांच्या चौकटी दुसऱ्या पेटीत अजिबात नको. आणि टिकलेल्या ९ पेट्यांतूनच पुढं राण्या वाढवा. हे मी स्वतः केलंय, दोन पेट्या वाचल्या, एक गेली.

जावळीकर: एक गेलीच ना?

पेटीवाली_वाई: गेली. अर्कानं वाचली असती, असं छातीठोक म्हणणारा मला अजून भेटला नाही.

मिरजकर: द्यायचंच असेल तर तीनपैकी एकाच पेटीला द्या, बाकी दोन साध्या साखरपाण्यावर. तिन्हीत राणी कोंडा, नाहीतर गुण कशाचा तेच कळायचं नाही. आणि मधाच्या हंगामात ओवा नको, जांभळाच्या मधाला वास लागला तर गिऱ्हाईक परत येणार नाही.

जावळीकर: बरं. उद्या तिन्ही राण्या कोंडतो. अर्क मात्र एकीला देणारच.