विषय: पोटातल्या बाळाची किडनी फुगलेली दिसतेय

नमस्कार मंडळी,

सुनेला ३२वा आठवडा चालू आहे. परवाच्या सोनोग्राफीत बाळाची डावी किडनी फुगलेली दिसली, ९ मिलिमीटर म्हणे. डॉक्टर 'लक्ष ठेवू' म्हणाले, पण आमचा जीव टांगणीला लागलाय. विहीणबाई फोनवर सारखं ग्रहण पाळलं होतं का विचारतात आणि सून रडत बसते. कुणाला याची माहिती आहे का?

---

ताई,

आधी सुनेचे डोळे पुसा. ग्रहणानं किंवा तिच्या खाण्यापिण्यानं हे झालेलं नाही. माझी सारी नोकरी लहान मुलांच्या किडनीविकारांत गेली, म्हणून सांगतो. शंभरातल्या एकदोन गर्भांत असं दिसतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. ९ मिलिमीटर हे किडनीत लघवी गोळा होते त्या पोकळीचं माप. या महिन्यांत ७च्या आत असावं. १०च्या आत म्हणजे सौम्य.

डॉक्टरांना दुसरी किडनी, मूत्राशय आणि गर्भजल कसं आहे ते विचारा. गर्भजल म्हणजे आता बहुतांशी बाळाची लघवीच, ते पुरेसं असणं फार मोलाचं. मुलग्यांत क्वचित मूत्रमार्गात जन्मतः पडदा असतो. पण त्यात सहसा दोन्ही किडन्या फुगतात, मूत्राशय तुंबतं. तसं असेल तर जन्मल्याबरोबर धावपळ करावी लागते.

मला काळजी आहे ती पुढची. जन्मानंतरची सोनोग्राफी ४८ तासांनी करतात, कारण पहिले दोन दिवस बाळाला लघवी कमी होते आणि सूज लपते. ती चांगली आली तरी एक ते सहा महिन्यांनी दुसरी कराच. बाळ गुटगुटीत दिसतं, दूध पितं, मग लोक जातच नाहीत!

आणि ताप. तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट झाला की थेट इमर्जन्सीत. नंतरही सर्दीखोकला नसताना ताप आला, तर 'दात येत असतील' म्हणून अंगावर काढू नका, लघवीत जंतुसंसर्ग नाही ना ते तपासून घ्या. चिकटवायच्या पिशवीतल्या नमुन्यात कातडीवरचे जंतू मिसळतात; कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी, बारीक नळीनं घेतलेला नमुना खात्रीचा.

---

डॉक्टरकाका, फार धीर आला. सुनेला वाचून दाखवलं. बाळ तीन महिन्यांचं झालं की पुण्याला न्यायचा बेत आहे. जावं ना?

---

जरूर जा. दुसरी सोनोग्राफी तिथे केली तरी चालेल. फक्त इथली चित्रं आणि रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे मापाला माप लावून बघता येईल.