मदत हवी आहे: कॉलेजच्या मुलांना रक्तदानाला कसं आणायचं?

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, आणि आमची धावपळ सुरू. म्हणून नाशिकच्या सिडकोत आमच्या मंडळातर्फे शिबिर घेतोय. गेल्या वर्षी काका-मामाच जास्त आले. पोरं दारातच घुटमळली; एकाने बाही वर केली आणि सुई बघून परत खाली ओढली, चेहरा अगदी पांढराफटक. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ असलं की देता येतं, हे सांगूनही "अशक्तपणा येतो" हेच ऐकू येतं. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या मुलांशी बोलायचं कसं? तुमच्यापैकी कोणी विशीत पहिल्यांदा रक्त दिलं असेल, तर कशामुळे तयार झालात तेवढं लिहा ना.