दोन डोमेन, एक लायसन्स सर्व्हर: म्हणे आधी ट्रस्ट लागतो!

वाळूजचा_वायरमन
लायसन्स सर्व्हरवरची (कॅडसारखं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर वापरायच्या परवानग्या वाटणारं मशीन) कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून एवढं लांबलचक. पोस्टकर्ते म्हणतात: "पुण्याच्या हेड ऑफिसचं डोमेन वेगळं आणि वाळूज प्लांटचं वेगळं असेल तर आधी दोघांत ट्रस्ट करा, नाहीतर दोन लायसन्स सर्व्हर घ्या. बाकी सगळा जुगाड." खाली अंगठ्यांची रांग.

अहो, ट्रस्ट म्हणजे दोन डोमेनांनी (मशीन-युजरांच्या दोन गटांनी) एकमेकांचे युजर मानणं. पण फ्लेक्सएलएमला, म्हणजे लायसन्स वाटणाऱ्या सॉफ्टवेअरला, विंडोजच्या डोमेनचं सोयरसुतक नाही. तो पासवर्ड विचारत नाही, केर्बेरॉसचं (डोमेनच्या ओळख-तपासणीचं) तिकीट मागत नाही. टीसीपीनं पोचलात आणि नाव सापडलं की काम झालं. घोळ होतो तो नावातच. क्लायंट आधी एलएमजीआरडीकडं (फ्लेक्सएलएमच्या मुख्य प्रोग्रॅमकडं) जातो, बहुतेक 27000 पोर्टवर. तिथून त्याला व्हेंडर डीमनकडं (सॉफ्टवेअर कंपनीच्या, प्रत्यक्ष लायसन्स देणाऱ्या प्रोग्रॅमकडं) पाठवतात, तेही लायसन्स फाइलच्या सर्व्हर ओळीत जे नाव असेल त्या नावानं. तिथं बिनआडनावाचं नुसतं 'लायसर्व्ह01' असेल तर पुण्याच्या मशीनला कळतं, वाळूजच्या डीएनएसला (नावावरून आयपी सांगणाऱ्या सेवेला) त्याचा पत्ताच नसतो. मग उणे 96 (सर्व्हर उत्तर देत नाही) हा एरर येतो आणि लोक फायरवॉलवाल्याच्या नावानं शंख करतात.

सर्व्हर ओळीत डोमेनसकट पूर्ण नाव टाका. होस्टनेम बदललं तर लायसन्सची सही मोडत नाही, होस्टआयडीला (सर्व्हर मशीनच्या ओळख-क्रमांकाला) हात लावला तर मोडते. दोन्हीकडं कंडिशनल फॉरवर्डर करा, म्हणजे तिकडच्या नावाची विचारणा तिकडच्या डीएनएसकडं जाईल. व्हेंडर ओळीत पोर्ट पक्कं लिहा, नाहीतर रीस्टार्ट झाला की डीमन भलतंच पोर्ट पकडतो आणि फायरवॉलचा नियम बसतो कोरडा. यात ट्रस्ट कुठं आला?

डोमेनदादा
मीच तो पोस्टकर्ता. अंगठे देणारे सगळे मूर्ख आणि तुम्ही एकटे शहाणे, मान्य. आता सांगा, ऑप्शन्स फाइलमध्ये (कुणाला किती लायसन्स ते लिहायच्या फाइलमध्ये) युजरचं नाव डोमेनशिवाय जातं. पुण्यात एक 'एसपाटील', वाळूजला दुसरा 'एसपाटील'. सीट (एकाच्या वापराचं लायसन्स) कुणाची धरणार? ट्रस्ट करायला बसलं की निदान डीएनएस आणि नावं दोन्ही नीट लावावी लागतात. तुमच्यासारखे लोक प्रत्येक मशीनवर होस्ट्स फाइल (हातानं लिहिलेली नाव-आयपीची यादी) रंगवतात आणि सर्व्हरचा आयपी बदलला की नोकरी बदलतात.

वाळूजचा_वायरमन
ट्रस्ट केल्यानं दोन पाटलांचा एक पाटील होत नाही, दादा. डीमनला तेव्हाही 'एसपाटील' एवढंच दिसणार. युजर सोडा, होस्ट ग्रुप (मशीनच्या नावांचा गट) करा, नाहीतर इंटरनेट प्रकार वापरून सबनेटनं, म्हणजे आयपीच्या पट्ट्यावरून, वाटणी करा. होस्ट्स फाइलचं मात्र खरं आहे. ती शेवटचा इलाज म्हणूनच.

जालन्याचा_ड्राफ्ट्समन
तुमचं डीएनएस राहू द्या हो. आमच्याकडं जोडणी झकास आहे, सीटाच मिळत नाहीत. पुण्याची मंडळी सकाळी आल्या आल्या सॉफ्टवेअर उघडतात आणि मीटिंगला जातात. आमच्या शॉप फ्लोअरवरनं ड्रॉइंगची दुरुस्ती येते दुपारी, तोवर सगळं फस्त. 1984 साली दांडेकर समितीनं सिंचनाचा, रस्त्यांचा अनुशेष मोजला. लायसन्सचा कोण मोजणार?

कोथरूड_नोड
झालं, आला अनुशेष! काहीही चर्चा असो, मराठवाड्याची गाडी तिथंच येऊन थांबते. सीटांचे पैसे आमच्या खात्यातून जातात. रिझर्व्ह (तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या सीटा) मागून घ्या ना सरळ.

जालन्याचा_ड्राफ्ट्समन
पैसे तुमच्या खात्यातून, आणि त्या खात्यात येतात कुठून? माल इथं बनतो, राव. मीटिंगा विकून पगार होतात का तुमचे?

परभणी_पिंग
रिझर्व्हच्या नादी लागू नका. त्यानं सीट बाजूला बांधून पडते, इकडं कुणी वापरत नसलं तरी तिकडच्याला मिळत नाही. मग दोघंही बोंबलतात. पुण्याच्या ग्रुपला मॅक्स (जास्तीत जास्त सीटांची मर्यादा) लावा आणि टाइमआउटॉल टाका 900 सेकंदांचा, म्हणजे पंधरा मिनिटं रिकामी बसलेली सीट परत येईल. अर्थात सॉफ्टवेअरनं ते मानलं तर. काही मानत नाहीत.

कोथरूड_नोड
मॅक्स फक्त पुण्याला? वा! रात्री अकराला रिलीज काढायला कोण बसतं, वाळूज?

जालन्याचा_ड्राफ्ट्समन
रात्री अकराला वाळूजला तिसरी पाळी लागते. एकदा येऊन बघा. मराठवाड्याच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत 2020 च्या एप्रिलात संपली आणि तसंच भिजत पडलं, आमच्या सीटांच्या मेलचंही तेच चाललंय.

लातूर_लॉगफाइल
भांडण झालं असेल तर एक सांगू का. आमचा सर्व्हर पुण्यात होता. रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली आणि अख्ख्या वाळूज प्लांटचं कॅड बसलं. डीएनएस उत्तम, पोर्ट पक्कं, उपयोग काय? साहेब विचारतात "नेट कधी येणार", ऑपरेटर म्हणतो "मी घरी जाऊ का". त्या दिवसानंतर आम्ही कंपनीच्या मागं लागून सीटा फोडून घेतल्या, दोन होस्टआयडीवर दोन फाइली. वाळूजच्या सीटा वाळूजच्या सर्व्हरवर. तीन सर्व्हरांची रिडंडन्सी (एक पडला तरी बाकीचे सांभाळतात) सुचवली होती एकानं, पण त्यात तिघांतले दोन कायम एकमेकांना दिसायला लागतात. फायबर तुटल्यावर काय दिसणार?

डोमेनदादा
म्हणजे शेवटी दोन सर्व्हर! मी काय वेगळं म्हणालो होतो? पेढे कुठं पाठवू?

वाळूजचा_वायरमन
तुम्ही ट्रस्ट नाही म्हणून दोन म्हणालात, हे जेसीबी आहे म्हणून दोन म्हणतात. बरं, फायबरचा मुद्दा पटला, तोही लातूरकरांचा. आणि सीटा फोडल्या की एकीकडं रिकाम्या पडल्या तरी दुसरीकडं जात नाहीत, हेही ध्यानात ठेवा. ट्रस्टचं म्हणाल तर उलट तो करूच नका. एका डोमेनमध्ये रॅन्समवेअर शिरलं तर दुसऱ्याचं दार कशाला उघडं ठेवायचं? लायसन्ससाठी फायरवॉलमध्ये दोन पोर्टं पुरतात.

डोमेनदादा
रॅन्समवेअर त्या दोन पोर्टांना नमस्कार करून परत जाईल, नाही का. असो. पोस्टमधला 'आधी' हा शब्द काढतो.

कोथरूड_नोड
सोमवारी मॅक्स लावून बघतो. पण दुपारी वाळूजनं रिकाम्या सीटा धरून ठेवल्या तर इथं स्क्रीनशॉट टाकीन.

जालन्याचा_ड्राफ्ट्समन
टाका की. सोबत सकाळी दहाचा एलएमस्टॅटही (कोण सीट धरून बसलंय ते दाखवणाऱ्या कमांडची यादी) टाका.