थुनारमधील शॉर्टकट पुन्हा पूर्ववत का होतात?

लिनक्सवरील थुनार या फाइल व्यवस्थापकाचे कळफलक-शॉर्टकट अॅक्सेल्स नावाच्या फाइलमध्ये साठवलेले असतात; त्या फाइलमध्ये केलेले बदल थुनार पुन्हा उघडल्यावर टिकत नाहीत, ही अडचण मलाही बरेच दिवस छळत होती. थुनार बंद होताना ही फाइल स्वतःच नव्याने लिहितो आणि खिडकी बंद केली तरी तो बऱ्याचदा पार्श्वभूमीवर चालूच राहतो. त्यामुळे आपण हाताने केलेली दुरुस्ती तो निमूटपणे पुसून टाकतो. म्हणून आधी टर्मिनलमधून थुनारला क्यू हा पर्याय देऊन (thunar -q) तो पूर्ण बंद करावा आणि मगच फाइल उघडावी. तिथे ज्या ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम आहे, ती ओळ निष्क्रिय असते; तो अर्धविराम काढल्याशिवाय नवी कळ लागू होत नाही.

अर्थात थुनार ज्याचा भाग आहे त्या एक्सएफसीई डेस्कटॉपच्या डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ४.१८ आवृत्तीपासून थुनारच्या पसंतीच्या (प्रेफरन्सेस) खिडकीतच शॉर्टकटसाठी वेगळा टॅब आहे, त्यामुळे एवढा खटाटोप जुन्या आवृत्तीवरच करावा लागतो.

डॉल्फिन या दुसऱ्या फाइल व्यवस्थापकात एफ४ दाबून टर्मिनल उघडण्याची सवय असल्याने मी थुनारमध्येही ‘येथे टर्मिनल उघडा’ या सानुकूल कृतीला (मेनूत स्वतः जोडता येणाऱ्या आज्ञेला) तीच कळ दिली आहे. नुसते एखादे अक्षर शॉर्टकट म्हणून मात्र देऊ नये, कारण अक्षर टंकताच त्या अक्षराने सुरू होणारी फाइल शोधण्याची थुनारची उपयुक्त सोय आणि तो शॉर्टकट यांची गल्लत होते. शिवाय मराठी कळफलक चालू असतानाही फंक्शन कळा बदलत नाहीत, हा आपल्यासारख्यांना मोठाच फायदा आहे.